स्वालबार्डची जमीन ऑक्टोबरात शून्यावरच का अडकून बसते?

भूगोलाची_वही

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

पुण्यात भूगोलात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी स्वालबार्डवरच्या (नॉर्वेची उत्तर ध्रुवाजवळची बेटं) टुंड्रातल्या एका ठिकाणचा जमिनीच्या तापमानाचा डेटा उतरवून घेतलाय. पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर, दर तासाला एक नोंद. माझा हिशोब साधा होता: हवेच्या तापमानाचा आलेख थोडा चपटा केला की जमिनीचा मिळावा. प्रत्यक्षात काहीतरी भलतंच दिसतंय.

सप्टेंबर सरता सरता ४० सें.मी.वरचा सेन्सर शून्याजवळ येतो आणि तिथेच ठाण मांडतो. आठवडेच्या आठवडे. वर हवा कधी उणे २, कधी उणे १२, पण ह्याला त्याचं सोयरसुतक नाही. मग एके दिवशी घसरगुंडी सुरू. मैत्रीण म्हणते सेन्सर मेलाय, ते आकडे उडव. गाइड म्हणतात आधी विचार कर, मग उडव.

दुसरं कोडं दिवस-रात्रीच्या चढउताराचं. मार्च-एप्रिलमध्ये तिथे रोज सूर्य उगवतो आणि मावळतो. तेव्हा ५ सें.मी.वर तरी रोजची लाट दिसावी ना? रेघ सरळसोट. आणि जूनअखेरीला, सूर्य मावळतच नसतो तेव्हा, लाटा सुरू!

१० मीटरवाला तर पार उफराटा. बाहेर काळोख नि हिम, आणि हा वर्षातल्या सगळ्यात उबदार आकड्यावर.

कोणी या विषयातलं आहे का इथे?

खडूस_आजोबा

रुमाल टाकून ठेवतो. विषय चांगला काढलात.

गोठणबिंदू

सेन्सर ठणठणीत आहे. एकही आकडा उडवू नका. तुमच्या डेटातला तोच सगळ्यात मोलाचा तुकडा आहे. (नॉर्वेत ट्रोम्सोला असतो, भूतंत्र अभियंता. कामानिमित्त लाँगयिअरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावी, जाणंयेणं असतं.)

जमीन गोठते म्हणजे खरं तर तिच्यातलं पाणी गोठतं. १ किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणताना साधारण तेवढीच उष्णता काढून घ्यावी लागते. यावरून अंदाज घ्या. स्वालबार्डला उन्हाळ्यात वरचा मीटरभर थर वितळतो, काही जागी त्याहून कमी. खाली कायम गोठलेली जमीन, त्यामुळे पाण्याला झिरपायला वावच नाही. सखल भागात तो थर पाण्याने नुसता थबथबलेला असतो.

ऑक्टोबरात हवा वरून उष्णता ओढत राहते, पण ती सगळी पाण्याचं बर्फ करण्यात खर्ची पडते. तापमान हलणार कसं? शेवटचं पाणी आटोपलं की मग तुमची घसरगुंडी. आमच्याकडे या सपाटीला 'झीरो कर्टन' म्हणतात. गोठणं दोन्ही बाजूंनी चालतं, वरून हवेमुळे आणि खालून गोठलेल्या जमिनीमुळे, त्यामुळे मधला थर शेवटी गोठतो. तुमचा ४० सें.मी. नेमका त्या मधल्या पट्ट्यात असणार.

एक कामाची गोष्ट. त्या सपाटीचा आकडा नेमका किती आहे? ०.०० आहे का?

भूगोलाची_वही

०.१८ आहे! म्हणूनच तर शंका आली.

गोठणबिंदू

मग सेन्सरचा शून्य ०.१८ने सरकलाय, बस. जमीन दर शरद ऋतूत फुकटात तपासणी करून देते. तो फरक त्या सेन्सरच्या अख्ख्या वर्षाच्या नोंदींतून वजा करा. दरवर्षीची सपाटी वेगवेगळी काढा, सरकण वाढत चाललीय का तेही कळेल. दोन पथ्यं पाळा. माती चिकणमातीची किंवा खारी असेल तर पाणी शून्याच्या थोडं खाली गोठतं, किनाऱ्याजवळ हे हमखास. आणि सपाटी खरंच सपाट असेल तोच तुकडा धरा, शेवटचा गोलाई घेणारा भाग सोडा.

रोखठोक_राव

हे सगळं ठीक. पण उणे ३० हवेत जमीन उणे ३० का नसते? महिनोन्महिने थंडी असते तिथे. दगड फ्रीजरमध्ये ठेवला तर फ्रीजरएवढाच गार होतो की नाही? इथे काहीतरी पाणी मुरतंय.

भूगोलाची_वही

@रोखठोक_राव, हो, हेही दिसतंय. जानेवारीत हवा आणि १० सें.मी. यांत भरपूर फरक आहे, आणि जमीनच उबदार.

गोठणबिंदू

रावसाहेब, पाणी मुरत नाहीये, हिम साचतंय. ताज्या भुसभुशीत हिमात बहुतेक हवाच असते, आणि उष्णता वाहून नेण्यात ते घट्ट बर्फाच्या पासंगालाही पुरत नाही. अर्धा मीटर हिम साचलं की हवेची थंडी जमिनीपर्यंत पोचता पोचता बोथट होते.

लाँगयिअरब्येनच्या परिसरात वारा हिमाला एका जागी टिकू देत नाही. टेकाडाचा माथा खरवडून उघडा पडतो, आणि पन्नास पावलांवरच्या घळीत कमरेइतकं साचतं. हवा दोन्हीकडे तीच, पण हिवाळाअखेरीला जमिनीत काही अंशांचा फरक. त्यामुळे वहीताई, सेन्सरची जागा माथ्यावर आहे की खळग्यात हे आधी बघा. ते न बघता दोन ठिकाणांची तुलना केली तर ती हवामानाची होणार नाही, वाऱ्याची होईल.

वेळेचंही महत्त्व आहे. हिम ऑक्टोबरातच पडलं तर जमिनीतली उन्हाळ्याची ऊब आत कोंडली जाते. डिसेंबरपर्यंत पडलंच नाही तर जमीन सपाटून थंड होते. एकाच सरासरी तापमानाच्या दोन हिवाळ्यांत जमीन अगदी वेगळी वागू शकते.

ध्रुवतारा_नाशिक

मी हौशी खगोलवाला, जमिनीतलं कळत नाही, पण दिवस-रात्रीचं कोडं सुटेल असं वाटतंय.

लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला. २१ जूनला तिथे दुपारी सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर, मध्यरात्री १२ अंशांवर. मावळत नाही हे खरं, पण खालीवर तर होतोच. सपाट जमिनीवर निरभ्र दुपारी पडणारं ऊन मध्यरात्रीच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा जूनमध्ये लाट दिसते यात नवल नाही. दिवस-रात्र नसली तरी दुपार आहेच!

जसजसं ध्रुवाकडे जाल तसतशी ही लाट मरत जाते. ध्रुवावर सूर्य दिवसभर एकाच उंचीवर फिरतो, म्हणजे रोजचा चढउतार सूर्यामुळे होतच नाही. तिथे वर्षाचा एकच दिवस.

मार्च-एप्रिलमध्ये लाट का नाही? याचं उत्तर बहुधा वरच आलंय: तेव्हा जमीन हिमाखाली असते ना?

गोठणबिंदू

अगदी बरोबर, आणि मला यातली खरी गंमत हीच वाटते. तिथे मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आकाशात चांगली दिवस-रात्र चालू असते, पण जमीन हिमाखाली, तिला पत्ताच नाही. वर हिम बहुतांश ऊन परतवून लावतं ते वेगळंच. जूनमध्ये हिम जातं, जमीन उघडी पडते, तोवर रात्र संपलेली. म्हणजे स्वालबार्डच्या जमिनीला उघड्या अंगाने खरी रात्र भेटते ती फक्त ऑगस्टअखेरपासून पुढचं हिम पडेपर्यंत. महिना-दीड महिना फार तर. वहीताई, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मोठा करून बघा, ५ सें.मी.वर निरभ्र रात्री स्वच्छ उतार दिसायला हवा.

भूगोलाची_वही

दिसतोय!! आणि ढगाळ दिवसांत पुन्हा सरळ. भारी.

मांडवीचो_पूत

देव बरें करूं. वास्कोचा आहे, अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री केंद्रावर एक हिवाळा काढलाय, जनरेटर विभागात. तुमचा विषय अभ्यासाचा, माझा बसायच्या जागेचा.

मैत्री शिर्माकर ओअॅसिसमध्ये, ७० अंश दक्षिणेच्या थोडं खाली. सभोवती बर्फ, पण केंद्र उघड्या खडकावर. जानेवारीत हवा शून्याखाली असायची आणि काळपट खडक उन्हात चक्क ऊबदार. वारा पडला की त्यावर टेकून चहा घ्यायचा. फक्त जागा निवडताना लक्षात ठेवायचं की तिकडे उन्हाची बाजू उत्तरेची. त्याच खडकाच्या दक्षिण अंगाला हात लावला तर झिणझिण्या. सूर्य टेकडीआड गेला की तासाभरात वरची बाजूही गार. फटीत दुपारी ओल दिसायची ती संध्याकाळी काच झालेली असायची, आणि रोजच्या या गोठण्या-वितळण्याने खडकाचे पापुद्रे सुटतात. केंद्राभोवती असे तुकडे पडलेले असतात, बुटाखाली कुरकुर वाजतात.

म्हणजे रोजचा चढउतार बघायचा तर स्वालबार्डच्या थबथबलेल्या टुंड्रापेक्षा आमचा कोरडा खडक बरा.

गोठणबिंदू

@मांडवीचो_पूत, क्या बात! आणि मुद्दा पक्का आहे. तुमच्या खडकात पाणी नाही, गवत-शेवाळ नाही, हिम वाऱ्याने उडून जातं. मधे घालायला काहीच नसल्याने ऊन आलं की पृष्ठभाग वर, गेलं की खाली. अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांत हीच ऊब वापरून वालुकाश्माच्या आत, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, दगडफूल आणि शेवाळं जगतात. हवेचं तापमान बघितलं तर तिथे काही जगायलाच नको.

खडूस_आजोबा

गोव्याच्या माणसाने जानेवारीत खडकावर ऊन खात बसायला अंटार्क्टिका गाठावा म्हणजे कमाल आहे.

मांडवीचो_पूत

आजोबा, पगार मिळायचा त्याचा. :)

रोखठोक_राव

१० मीटरचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. हिवाळ्यात सगळ्यात उबदार? पटत नाही.

गणित_नकोसं

आयडी काहीही असो, हे गणित सोपं आहे. जमीन उष्णता हळूहळू पुढे सरकवते. पृष्ठभागावर तापमानाची लाट आली की ती खाली जाताना दोन गोष्टी होतात: ती लहान होते आणि तिला उशीर होतो. दोन्ही एकाच मापाने. ज्या खोलीवर लाट साधारण ३७ टक्के उरते तिला घट-खोली म्हणू. रोजच्या लाटेसाठी ती बहुतेक माती-खडकांत १५ सें.मी.च्या आसपास. वार्षिक लाट ३६५ पट सावकाश, म्हणून तिची घट-खोली ३६५च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे १९ पट जास्त. झाले सुमारे ३ मीटर.

घट-खोलीच्या ३.१४ पट खाली गेलं की लाट बरोबर उलटी होते: वर शिखर, तर खाली दरी. रोजच्या लाटेसाठी हे अर्ध्या मीटरवर घडतं, वार्षिक लाटेसाठी १० मीटरवर. वहीताईंचा सेन्सर नेमका तिथे बसलाय. जुलैतला उन्हाळा त्याच्यापर्यंत पोचतो जानेवारीत. आणि पोचतो तेव्हा मूळ चढउताराच्या ४ टक्केच उरलेला असतो. वर २० अंशांची हालचाल असेल तर खाली अंशाच्या आतबाहेर. आलेखाचा उभा अक्ष ताणल्याशिवाय दिसायचंही नाही.

आपल्याकडे विहिरीचं पाणी पहाटेच्या थंडीत कोमट लागतं, त्यातला काही भाग हाच. फक्त आपल्याकडे वार्षिक चढउतारच थोडा, म्हणून १० मीटरवर जवळपास काहीच उरत नाही.

@रोखठोक_राव, फ्रीजरमधल्या दगडाची उपमा इथेच अडकते. दगड फ्रीजरएवढा गार होतो, कारण तो हातभर आहे आणि फ्रीजर कायम थंड आहे. जमिनीचा फ्रीजर दर सहा महिन्यांनी बंद होतो.

रोखठोक_राव

हां, आता पटलं. एवढं सरळ आधीच कोणी सांगितलं असतं तर!

जुनी_बखर

अवांतर नाही, पण थोडा इतिहास. सायबेरियात याकुत्स्कला फ्योदर शेर्गिन नावाच्या रशियन-अमेरिकन कंपनीच्या व्यापाऱ्याला १८२८ साली विहीर हवी होती. खणायला सुरुवात केली, गोठलेली माती. खणत राहिले, गोठलेलीच. १८३७ साली ११६ मीटरवर थांबले तेव्हाही तळ गोठलेलाच, पाण्याचा थेंब नाही.

विहीर म्हणून वाया गेलेला हा खड्डा शास्त्रज्ञांना मात्र घबाड ठरला. १८४०च्या दशकात मिडेनडोर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्या भिंतीत ठिकठिकाणी तापमापक बसवले. वर याकुत्स्कची हवा, जिथे जानेवारीची सरासरी उणे ३८च्या आसपास आणि जुलैची अधिक १९-२०. म्हणजे वर्षाचा फरक ६० अंशांच्या जवळ! आणि खाली गेलं की हा सगळा धुमाकूळ विरत जातो. तळाशी उणे ३च्या आसपास, हिवाळा असो की उन्हाळा. खोलीबरोबर तापमान सावकाश वाढताना दिसलं, त्यावरून त्याने गोठलेला थर २०० मीटरच्या आसपास कुठेतरी संपेल असा अंदाज बांधला. १८४०च्या दशकात, एका फसलेल्या विहिरीवरून. तो खड्डा याकुत्स्कमध्ये आजही जपून ठेवलाय.

कोयना_बॅकवॉटर

वाचतेय. मला सिव्हिलवाल्यांना विचारायचंय, अशा जमिनीवर घरं कशी उभी राहतात? जमीन वर्षभर खालीवर होत असेल तर.

गोठणबिंदू

खांबांवर. याकुत्स्क, नोरिल्स्क, लाँगयिअरब्येन, सगळीकडे इमारत जमिनीपासून उचललेली आणि खाली मोकळी जागा. कारण घराची ऊब जमिनीत गेली तर घर खचतं. हिवाळ्यात गार वारा त्या पोकळीतून फिरतो आणि जमीन पुन्हा थंड करतो. म्हणून त्या पोकळीत अडगळ भरायची नसते, आणि कडेला हिमाचे ढीग रचायचे नसतात. नवखा माणूस दारातलं हिम खोऱ्याने ओढून घराच्या कडेला लावतो. तेवढ्या पट्ट्यात जमीन थंडच होत नाही.

खांब कायम गोठलेल्या थरात रोवलेला असतो आणि गोठलेली माती त्याला धरून ठेवते. ही पकड तापमानावर अवलंबून. आता वरचं १० मीटरचं गणित आठवा: खांबाच्या अख्ख्या लांबीचा विचार केला तर जमीन सगळ्यात उबदार केव्हा? जुलैत नाही. शरद ऋतूत, जेव्हा वर पुन्हा थंडी सुरू झालेली असते पण उन्हाळा अजून खाली उतरतोच आहे. त्यामुळे खांबाची ताकद तपासताना आम्ही त्याच काळाचा आकडा धरतो. उन्हाळ्याच्या मध्याचा धरला तर हिशोब चुकीच्या बाजूला जातो.

अलास्काच्या तेलवाहिनीने (१९७७) दुसरा मार्ग काढला. तिच्या आधारखांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात खालची ऊब अमोनियाची वाफ करते, ती वर जाऊन गार हवेत पुन्हा द्रव होते आणि खाली ओघळते. उन्हाळ्यात वरची हवा खालच्या जमिनीपेक्षा उबदार, त्यामुळे हे चक्र आपोआप बंद. पंप नाही, वीज नाही. असली एकतर्फी वस्तू करणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

कोयना_बॅकवॉटर

मस्तच. आणि उघड्या टुंड्रावर शेवाळ-गवत असतं, त्याचा काही उपयोग?

गोठणबिंदू

खूप. उन्हाळ्यात वरचं शेवाळ कोरडं होतं आणि ऊब आत जाऊ देत नाही. हिवाळ्यात तेच ओलं होऊन गोठतं, आणि बर्फ पाण्याच्या जवळपास चौपट उष्णतावाहक असल्याने जमिनीतली ऊब बाहेर सोडतं. म्हणजे वर्षाच्या हिशोबात ते जमिनीला थंडच ठेवतं. अलास्कात १९४०च्या दशकात तेलशोधासाठी गाड्या फिरल्या, त्यांच्या चाकांखाली शेवाळ चिरडलं गेलं. काही ठिकाणी ते चर अजून दिसतात, पाणी साचलेले.

रोखठोक_राव

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. एवढे चढउतार असताना जमीन तापतेय हे कशावरून ठरवतात? एखादा उन्हाळा कडक असला की लोक बोंब मारतातच.

गणित_नकोसं

ज्या खोलीवर ऋतू पोचतच नाहीत तिथे मोजून. १५-२० मीटरच्या खाली वार्षिक लाट संपते. तिथला आकडा हलला तर तो एका उन्हाळ्यामुळे नाही. जगभरात जमिनीत पाडलेल्या अशा खोल छिद्रांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा २००७ ते २०१६ या काळात कायम गोठलेली जमीन सरासरी ०.२९ अंशांनी तापलेली दिसली. आकडा किरकोळ वाटतो, पण ऋतूंना दाद न देणाऱ्या खोलीवरचा आहे.

आणखी खोल गेलं तर जमिनीत जुना काळ साठलेला असतो. पृष्ठभागावर झालेला बदल १०० मीटरपर्यंत नीट पोचायला शतकाच्या आसपास लागतं. १९८६ साली लाकेनब्रुक आणि मार्शल या शास्त्रज्ञांनी उत्तर अलास्कातल्या तेलविहिरींच्या छिद्रांत मोजलेली तापमानं प्रसिद्ध केली. खोलीबरोबर सरळ वाढायला हवी ती रेघ वरच्या भागात उबदार बाजूला वाकलेली. त्या वाकण्यावरून त्यांनी काढलं की काही दशकांत ते शतकभरात तिथला पृष्ठभाग २ ते ४ अंशांनी तापलाय. जुन्या हवामान नोंदी फारशा नसलेल्या प्रदेशात हे जमिनीनेच सांगितलं.

गोठणबिंदू

यात एक भर. सगळे उन्हाळ्याकडे बघतात, पण स्वालबार्डला आम्ही हिवाळ्यातल्या पावसाला जास्त घाबरतो. २०१२च्या जानेवारीअखेर तिथे ऐन ध्रुवीय रात्रीत धो धो पाऊस पडला. पाणी हिमातून झिरपून जमिनीपर्यंत गेलं आणि तिथे गोठलं. पुन्हा तेच ३३४ किलोज्यूल प्रतिकिलो, पण या वेळी उष्णता थेट जमिनीच्या माथ्यावर सुटली. ५ मीटर खोलीपर्यंत जमीन तापल्याची नोंद झाली. सूर्य आठवडेच्या आठवडे क्षितिजाखाली असताना. वर बर्फाचं जाड कवच राहिलं ते वेगळं, रेनडियरना खालचं गवत खुरांनी उकरता येईना आणि त्या हिवाळ्यात बरेच दगावले.

वहीताई, तुमच्या डेटात ते वर्ष असेल तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा काढून बघा. उथळ सेन्सर एकदम शून्याकडे उडी मारून थोडा वेळ तिथेच थांबलेले दिसतील.

भूगोलाची_वही

माझा डेटा २०१३पासूनचा आहे. :( पण त्यानंतरच्या हिवाळ्यांतही अशा उड्या आहेत, मी त्यांच्यावर 'बिघाड?' असं लिहून ठेवलं होतं. आता पावसाच्या नोंदी शोधून तारखा जुळवते. जुळल्या तर आलेख इथेच टाकेन.

गणित_नकोसं

टाकाच. आणि ०.१८ आधी वजा करून.